धाकट्याचा अर्धांगवायू

आपल्याला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं उलटून गेली, ही बातमी धाकट्याला शनिवारी सकाळी अकरा वाजता कळली. तो नुकताच तरणतलावावरून परतला होता. सकाळच्या दोन तुकड्यांना पोहायला शिकवून, वर स्वतःच्या चाळीस फेऱ्या मारून, ओल्या केसांनी सोफ्यावर टेकला होता. समोर बसलेल्या सगळ्यांना ती बातमी त्याच्याआधी कळलेली होती. आजारी माणसाला घरात सगळ्यात शेवटी सांगतात, ही रीत त्याच्याही बाबतीत पाळली गेली.

कागद ताई वाचत होती. ताई तिघा भावंडांत मोठी. कोर्टाच्या आवक विभागात खिडकीमागे बसून तिने एकतीस वर्षं लोकांचे अर्ज घेतले होते, म्हणजे बहुतेक परत केले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी घरात आलेला कुठलाही कागद आधी तिच्या हातात जायचा आणि ती तो त्याच खिडकीतल्या आवाजात वाचायची.

‘“आपल्या वडिलांना आलेला अर्धांगवायूचा झटका, तेव्हापासून त्यांचं अंथरुणाला खिळून असणं आणि त्यांच्या शुश्रूषेमुळे आपल्या तिसऱ्या वर्षाच्या गुणांवर झालेला परिणाम, यांची आम्ही सहानुभूतीपूर्वक नोंद घेतली आहे.”’ ताई थांबली. ‘सहानुभूतीपूर्वक. हा शब्द मी अर्जात हजारदा वाचलाय. उत्तरात पहिल्यांदाच बघतेय.’

‘कुणाच्या वडिलांना?’ धाकट्याने विचारलं.

बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला, तोही नेहमीसारखा आदळून नाही, जरा जपून.

‘पुढे ऐक,’ ताई म्हणाली. ‘“त्यामुळे आपली मुलाखत कार्यालयात न घेता सोमवारी दहा वाजता व्हिडिओवर घेण्यात येईल. मध्येच वडिलांकडे पाहण्याची गरज पडल्यास मुलाखत थांबवण्यात येईल. तत्पूर्वी डॉक्टरांचा दाखला पाठवावा. आज दुपारी आमच्याकडून आपल्याला फोन येईल.” सही आहे. शिक्का नाही.’

‘वडील म्हणजे मी?’

‘पोरीला दुसरे कुठे आहेत?’ बायको म्हणाली.

पत्र छापून घेऊन थोरला भाऊ आला होता. कोर्टाच्या फाटकाबाहेर त्याचं टेबल होतं, त्याच्याआधी ते नानांचं, म्हणजे तिघांच्या वडिलांचं होतं. ज्यांना आपलं दुःख सरकारी भाषेत मांडता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, हा या घराचा दोन पिढ्यांचा धंदा. पूर्वी टेबलावर टाक-दौत होती, मग टंकयंत्र आलं, आता संगणक होता. पण अर्जाचं पहिलं वाक्य नानांच्या काळापासून बदललेलं नव्हतं. टेबलाची वाटणी व्हायच्या वेळी धाकट्याने ‘मला हा धंदाच नको’ असं जाहीर केलं आणि तो पोहायला शिकवू लागला. कारण म्हणून तो सत्याची चाड सांगे. खरं कारण असं की त्याचं अक्षर कुत्र्या-मांजराच्या पायांसारखं होतं आणि एका जागी बसणं त्याला जमत नसे. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत असत, पण दारात आलेल्या टपालवाल्याशी बोलावं तसं.

धाकट्याची मुलगी कायदा शिकली. लहानपणी झोपायच्या वेळेवरूनसुद्धा युक्तिवाद करायची, म्हणून सगळे तिला वकीलीणबाई म्हणत, आणि पदवी हातात आल्यावर ते नाव थट्टेचं राहिलं नाही, जबाबदारीचं झालं. आता फक्त एखाद्या मोठ्या फर्मने तिला प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यायचं बाकी होतं. दोन वर्षं तिथे फायली उचलायच्या की वकिलीचा रस्ता खुला होतो, असं सगळे सांगत. तेवढं एक बाकी होतं आणि त्यात चौदा महिने गेले होते.

कारण मोठ्या फर्मा माणूस थेट बघत नाहीत. आधी फॉर्म. त्यात पहिला प्रश्न, आमचीच फर्म का, अडीचशे शब्दांत सांगा. खरं उत्तर ‘कुणीतरी घ्या मला’ एवढंच होतं, पण ते शब्दमर्यादेच्या फारच अलीकडे संपत होतं. मग, तुम्ही अपयशी ठरलात असा एक प्रसंग सांगा, पण त्यातून तुमचं यश दिसलं पाहिजे. मग चाचणी. तुम्हाला सहल ठरवायला आवडतं की कपाट आवरायला? वकीलीणबाईंनी एकदा सहल लिहिलं, नकार आला. पुढच्या वेळी कपाट लिहिलं, नकार आला. काही ठिकाणी पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसायचा आणि त्या चेहऱ्याकडे बघत दोन मिनिटांत आपली जिद्द सांगायची असे. वरच्या कोपऱ्यात सेकंद उलटे पळत. एका फर्मने तर अर्ज पाठवल्यावर चार मिनिटांत कळवलं की आपल्या अर्जाचा अत्यंत बारकाईने विचार करण्यात आला आहे.

असे तेवीस नकार झाले होते. फॉर्म भरायला ती संध्याकाळी काकांच्या टेबलावर जायची, कारण तिथला प्रिंटर चालू होता आणि या घराला कागदावर उतरल्याशिवाय काही खरं वाटत नसे. थोरला मसुदा बघायचा, ताई खिडकीतल्या नजरेने चुका काढायची, नाना ‘अर्जदार नम्रपणे विनंती करते की’ या वाक्यासाठी भांडायचे. बायको नकाराच्या दिवशी न बोलता पोरीच्या खोलीत जाऊन बसायची. आणि धाकटा? धाकटा म्हणायचा, ‘जमेल गं.’ तेवीस वेळा म्हणाला होता. फॉर्म एकही वाचला नव्हता.

अडचण होती ती तिसऱ्या वर्षाच्या गुणांची. त्या वर्षी वकीलीणबाईंनी एक मुलगा आणि एक नाटकमंडळी यांच्यावर सारखाच वेळ घालवला होता आणि दोन्हींतून काही निष्पन्न झालं नव्हतं. गुण तेवढे घसरले. फर्मांची यंत्रं तो आकडा बघायची आणि अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचूच द्यायची नाहीत. फक्त चोविसाव्या फॉर्ममध्ये तळाशी एक चौकट होती. आपल्या अभ्यासावर परिणाम करणारी काही कौटुंबिक परिस्थिती असल्यास येथे लिहा. ती भरली की अर्ज यंत्राकडून माणसाकडे जात असे.

‘आणि ती चौकट कुणीतरी भरली,’ धाकटा म्हणाला. आवाज चढला होता. ‘कुणी?’

वकीलीणबाई खोलीच्या दारात उभी होती. तिने बोलायला तोंड उघडलं.

‘मी,’ थोरला म्हणाला.

‘तू.’

‘मी. चौकट रिकामी होती. रिकामी चौकट मला बघवत नाही.’

‘म्हणून मला लुळा केलास?’

‘कागदावर. तिथे तुला दुखणार नव्हतं.’

‘मला विचारायचं तरी.’

‘तुला विचारायला तू टेबलाकडे फिरकतोस कुठे?’ थोरला शांतपणे म्हणाला. रोज वीस माणसांची गाऱ्हाणी ऐकून त्याचा आवाज चढायचाच बंद झाला होता. ‘गेल्या बारा वर्षांत एकदा आलास. तेही छत्री विसरली होती म्हणून.’

खुर्चीतून नानांनी हात पुढे केला. ‘बघू तो फॉर्म.’

थोरल्याने पिशवीतून फॉर्मची प्रत काढून दिली. नाना शहाऐंशी वर्षांचे होते, आणि अर्ज हातात घेतला की साठीचे दिसत. त्यांनी चष्मा सरकवला, चौकट वाचली, परत वाचली. सगळे वाट बघत होते की म्हातारा आता पोराच्या जिवावर असलं काही लिहिल्याबद्दल थोरल्याला फैलावर घेणार.

‘बाजू कुठाय?’ नानांनी विचारलं.

‘काय?’

‘अर्धांगवायू लिहिलाय. उजव्या बाजूचा की डाव्या? वाचणाऱ्याला चित्र दिसायला नको? अर्धांगवायूला बाजू लागते. आणि तारीखही नाही. “तिसऱ्या वर्षी” म्हणे. मी लिहिला असता तर दिवस, वेळ आणि कोण शेजारी धावत आला, इतकं घातलं असतं.’ त्यांनी थोरल्याकडे बघितलं. ‘हे तू लिहिलंस?’

‘हो, नाना.’

‘तीस वर्षांत तू कधी बाजू विसरला नाहीस.’

‘घाई होती.’

नाना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग फॉर्म घडी करून गुडघ्यावर ठेवला. धाकट्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो रागावण्यात गुंतला होता. त्यातून त्याला, कबूल करायला हरकत नाही, थोडंसं बरंही वाटत होतं. बारा वर्षांनी भाऊ इतका स्वच्छ चुकीचा सापडला होता.

‘आता काय करायचं ते बोला,’ बायको म्हणाली. ‘फोन येणार आहे.’

‘करायचं काय? कळवायचं की चूक झाली,’ धाकटा म्हणाला.

‘कळवायचं,’ ताईनेही सांगितलं. गेल्या कित्येक वर्षांत ताई आणि धाकटा कुठल्याही गोष्टीवर एकमताने बोलले नव्हते, त्यामुळे दोघांनीही दचकून एकमेकांकडे पाहिलं. ‘दाखला पाठवला की तो जोडपत्र होतो. तोंडाने बोललेलं माणसं विसरतात, जोडपत्र फायलीत बसून राहतं. उद्या ही वकिलीची सनद मागायला जाईल. तिथे विचारतात, कधी कुठे खोटी माहिती दिली आहे का? आणि कुणीतरी फाईल उघडतं. सनद गेली की ही जन्मभर वकील नाही. थोरल्याच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल टाकायचं.’

‘आणि कळवलं तर ही फर्म गेली,’ थोरला म्हणाला. ‘चोवीसमधली एक. तेवढी एकच हिला बोलावते आहे.’

‘दाखला मिळेल,’ बायको म्हणाली.

धाकट्याने मान वळवली. त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर कुणी गोळी मागितली तर ती सख्ख्या भावालाही देत नसे. तिच्या तोंडून हे ऐकायची त्याची तयारी नव्हती.

‘तू?’

‘दिवसाला चार दाखले बघते मी. कुणाची कंबर दुखते म्हणून रजा, कुणाची दुखत नाही म्हणून नोकरी. कुठल्या डॉक्टरांना विचारायचं ते मला माहीत आहे.’

‘तुला हे पटतंय?’

‘नाही पटत. पण तेवीस वेळा ती रडली तेव्हा तिथे मी होते. तू तलावावर होतास.’ ती कप उचलायला लागली. ‘तुला काय, तू “जमेल” म्हणतोस आणि पाण्यात उतरतोस.’

धाकट्याने आपला कप तिच्याआधी उचलून चहा प्यायला. अशा वेळी चहा फार उपयोगी पडतो.

थोरला सरसावून बसला. गिऱ्हाईक अर्धं वळलं की तो असाच बसायचा. ‘हे बघ. चाळीस मिनिटांची मुलाखत. टेबल खिडकीशी लावायचं. मागे पलंग, त्यावर तू. चेहरा दिसायचंही कारण नाही, पाय दिसले तरी पुरे.’

‘तोंड भिंतीकडे,’ नाना म्हणाले. कलाकुसरीचा प्रश्न आला की त्यांना गप्प राहवत नसे. ‘आणि मध्ये एकदा खोकायचं. एकदाच. दोनदा खोकला की नाटक वाटतं.’

‘मी झोपणार नाही,’ धाकटा म्हणाला.

‘रविवारी दुपारी चार तास झोपतोस,’ बायको आतून म्हणाली.

‘ते वेगळं. ती माझी झोप आहे. हा याचा अर्जाचा धंदा आहे, मी त्यातून बाहेर पडलोय.’ तो उभा राहिला. छप्पन्नाव्या वर्षीही तो उभा राहिला की खोली जरा लहान वाटायची. खांदे पोहणाऱ्याचे होते. या माणसाला लुळा दाखवायचा म्हणजे पलंगही मोठा लागला असता. ‘दादा, तू माझ्या मुलीच्या फॉर्ममध्ये खोटं घातलंस. तिला ठाऊकसुद्धा नसेल. ती वकील होणार आहे, तुझ्यासारखी...’ इथे तो थांबला, कारण नाना समोर होते.

‘बोल, बोल,’ थोरला म्हणाला. ‘माझ्यासारखी काय?’

‘काही नाही.’

‘बाबा,’ दारातून वकीलीणबाई म्हणाली. ‘ऐका ना.’

‘तू आत जा. तुझा यात काही दोष नाही.’

ती मग आत गेली. तिने दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

जेवणं झाली ती कुणी कुणाकडे न बघता. नाना तेवढे व्यवस्थित जेवले. मसुदा वाईट असला की त्यांना भूक लागायची. ताईने मधल्या वेळात चूक कबूल करणाऱ्या पत्राचा मसुदा केला आणि थोरल्याला दाखवला. थोरल्याने त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द घातला. अनवधानाने कुणाला अर्धांगवायू होत नाही, असं म्हणून ताईने तो काढला. थोरल्याने परत घातला. खरं दोन ओळींत सांगायचं होतं, पण या घरात दोन ओळींचं काही कधी लिहिलंच गेलं नव्हतं. मसुदा पावणेदोन पानांवर गेला.

तीनच्या सुमारास टेबलावरचा मोबाइल वाजला. तो वकीलीणबाईचा होता, चार्जिंगला लावून ठेवलेला.

‘उचलू नका,’ ताई म्हणाली. ‘आधी पत्र जाऊ दे.’

‘उचल,’ थोरला म्हणाला. ‘नाही उचलला तर दुसऱ्याला बोलावतील.’

सगळ्यांत जवळ धाकटा होता. त्याने उचलला. कशासाठी उचलला, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. वाजत असलेला फोन आणि बुडणारा माणूस यांना बघत बसणं त्याला जमत नसे, एवढंच.

पलीकडे एका बाईचा आवाज होता. फर्ममधून बोलत होती, नेमणुकांचं काम बघणारी. कोरडा, सरकारी आवाज येईल अशी त्याची समजूत होती. हा आवाज मऊ होता आणि थोडा दमलेला.

‘ती आत आहे,’ धाकटा म्हणाला.

‘असू दे, त्यांना त्रास नको. मी फक्त सोमवारची वेळ पक्की करायला केला होता. आपण कोण बोलताय?’

छप्पन्न वर्षांत हा प्रश्न त्याला कधी अवघड गेला नव्हता. सकाळी त्याने सांगितलं होतं की कळवून टाका. आत्ता कळवायची सोय स्वतःहून चालत आली होती. एक वाक्य बोलायचं, मी वडील, मला काही झालेलं नाही, की त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि त्याच वाक्याने पोरीची चोवीसमधली एक संधी गेली असती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती हातातलं ताट तसंच धरून उभी होती.

‘मी तिचा काका,’ धाकटा म्हणाला.

खऱ्या काकाने मान वर केली. ताईने डोळे मिटून घेतले.

‘अच्छा. बरं झालं, घरात कुणीतरी आहे,’ बाई म्हणाली. ‘कसे आहेत ते?’

‘आहेत तसेच.’

‘जेवतात ना?’

‘हो. ते व्यवस्थित.’

‘बोलतात?’

‘कमी.’

‘माझ्या आईला झाला होता, म्हणून विचारते हं. तुमचा फॉर्म माझ्याकडे आला ना, मी तो दोनदा वाचला. असं सगळं सांभाळून इतकं शिकायचं म्हणजे सोपं नाही. आईची डावी बाजू गेली होती. तुमच्या भावाची कुठली?’

धाकट्याने घरच्यांकडे पाहिलं. थोरला जोरजोरात उजवा हात हलवत होता. नानांनी डावा वर केला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी हात बदलले.

‘हॅलो?’ बाई म्हणाली. ‘माफ करा, मी असं विचारायला नको होतं.’

आता तीच माफी मागत होती. धाकट्याला आयुष्यात पुष्कळदा लाज वाटली होती, पण अंगभर, पाण्यात शिरल्यासारखी, कधी नाही. पलीकडे एक अनोळखी बाई आपल्या आईची आठवण काढून त्याची विचारपूस करत होती, आणि तो धडधाकट पायांवर उभा राहून तिला कुठली बाजू द्यावी याचा विचार करत होता.

मागून कुणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला.

‘मॅडम, मी बोलतेय,’ वकीलीणबाई म्हणाली. ‘आत्ता बोलत होते ते माझे वडील. काका नाहीत. त्यांना काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं.’ ती थांबली. पलीकडून काही विचारलं गेलं. ‘मी लिहिलं. नाही, दुसऱ्या कुणी नाही. मीच लिहिलं, मीच वाचलं आणि मीच पाठवलं. तिसऱ्या वर्षी मी अभ्यास केला नव्हता, एवढंच.’ पलीकडून परत काही विचारलं गेलं. ‘हो. लेखी देते. तुमच्या आईंचं ऐकलं मी, आवाज बाहेर येत होता. मला फार वाईट वाटतंय. हो, ठीक आहे.’

तिने फोन परत चार्जिंगला लावला, अगदी नीट, वायर सरळ करून.

‘पाच ओळी झाल्या,’ नाना हळूच म्हणाले. ‘आणि काही राहिलं नाही.’ मग, जरा वेळाने, थोरल्याकडे बघून, ‘बाजू विसरणारा तू नाहीस, हे मला सकाळीच कळलं होतं.’

धाकटा थोरल्याकडे वळला. ‘तू तर म्हणालास, मी लिहिलं.’

‘म्हणालो.’

‘तुला माहीत होतं?’

‘आज पत्र आलं तेव्हा कळलं. मी मसुदा बघितला होता तेव्हा चौकट रिकामी होती.’

‘मग का घेतलंस अंगावर?’

थोरला बोटांवरची शाई पुसायला लागला. संगणक आल्यापासून त्याच्या बोटांना शाई लागत नव्हती, तरी पुसायची सवय गेली नव्हती. ‘मला बोलायची तुला सवय आहे,’ तो म्हणाला. ‘तिला बोलला असतास तर रात्री तुलाच जेवण गेलं नसतं.’

धाकट्याने सकाळपासून काय काय बोलला ते मनातल्या मनात मोजायला घेतलं आणि निम्म्यावर सोडून दिलं. माफी मागायची त्याला सवय नव्हती. ‘बस ना,’ तो म्हणाला. ‘उभा का?’ थोरला बसला. दोघा भावांमध्ये बारा वर्षांत एवढं मोठं बोलणं झालं नव्हतं.

फर्मचं उत्तर चारला आलं. मोठ्या फर्मांना शनिवार नसतो. या वेळी छापायला कुणी गेलं नाही. ताईने मोबाइलवरूनच वाचलं, आणि खिडकीतल्या आवाजात नाही.

‘“आपण दिलेली माहिती चुकीची असल्याने आपला अर्ज रद्द करण्यात येत आहे. सोमवारची मुलाखत होणार नाही. आपण स्वतःहून खुलासा केल्याची नोंद घेतली आहे.”’ ती थांबली. ‘दोन वाक्यं वाईट आहेत. तिसरं चांगलं आहे. सनदेच्या वेळी हेच तिसरं दाखवायचं.’

‘आणि पंचविसाव्या फॉर्मला?’ बायकोने विचारलं.

‘त्याला विचारतील, आधी कुठे अर्ज रद्द झाला होता का? हो लिहायचं.’

‘मग कोण घेणार तिला?’

नाना आत जाऊन आडवे झाले. थोरला आणि ताई एकाच रिक्षाने निघाले आणि जिन्यातून ‘अनवधानाने’वरून त्यांचं परत सुरू झाल्याचं ऐकू येत राहिलं. बायकोने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुकानाची पाळी होती म्हणून चप्पल घालून गेली.

वकीलीणबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. धाकटा दारात आला. राग त्याने सकाळपासून भावासाठी म्हणून तापवून ठेवला होता. तो आता कुणाला द्यावा ते कळत नव्हतं, आणि त्याखाली दुसरंच काहीतरी खुपत होतं.

‘एक विचारू?’ तो म्हणाला. ‘रागावून नाही.’

‘विचारा.’

‘मीच का? घरात नाना आहेत. त्यांचं लिहिलं असतंस तर कुणालाही पटलं असतं. आत्या आहे. तिचं तर एक ऑपरेशनसुद्धा झालंय. मी या घरात काही वाचत नाही, लिहीत नाही, मान्य. पण झोपवायला मीच सापडलो?’

तिने नळ घट्ट बंद केला.

‘आधी नानांचंच लिहायला घेतलं होतं,’ ती म्हणाली. ‘दोन शब्द लिहिले आणि हात थांबला. वाटलं, खरं झालं तर? मग आत्याचं लिहिलं. लगेच पुसलं. आईचं मनातसुद्धा आणवलं नाही. तुमचं लिहिताना मात्र काही वाटलं नाही, बाबा. एका दमात लिहून झालं. तुम्हाला काही होईल असं मला कधी वाटतच नाही.’

धाकटा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला. सकाळपासून तो समजत होता की पोरीच्या लेखी आपण घरातलं सगळ्यात बिनकामाचं माणूस आहोत, आणि त्या समजुतीवर त्याने उभा दिवस काढला होता.

‘तुम्हाला आधी विचारायला हवं होतं,’ ती म्हणाली.

‘हवं होतं.’

‘विचारलं असतं तर काय म्हणाला असता?’

‘नाही म्हणालो असतो,’ तो म्हणाला. ‘भांडलो असतो. सत्य वगैरे बोललो असतो पुष्कळ.’

‘आणि मग?’

त्याने तिच्याकडे पाहिलं. आज एवढं सगळं खरं बोलून झालं होतं, त्यात आणखी एक बोलायला हरकत नव्हती.

‘मग झोपलो असतो,’ धाकटा म्हणाला. ‘तोंड भिंतीकडे करून.’